हुंकाराएवढी जागा

स्पर्धेचे नियम शेवटून वाचायचे असतात, हे नागनाथ कथले आठ महिन्यांत शिकले होते. वरती कवितेचं कौतुक असतं, परीक्षकांची नावं असतात. नडणारी ओळ सगळ्यांत खाली असते. 'कवी हयात असावा.' 'कवीचं वय चाळिशीच्या आत असावं.' 'निवड झाल्यास कवीने समारंभाला स्वतः उपस्थित राहावं.' अशी ओळ दिसली की ते कॅलेंडरच्या जुन्या पानामागे त्या स्पर्धेचं नाव लिहायचे आणि त्यावर फुली मारायचे. आतापर्यंत छत्तीस फुल्या झाल्या होत्या.

नागनाथांनी बार्शीत नगरपालिकेच्या पंपघरात एकतीस वर्षं पाणी सोडलं. कवितेशी त्यांचा संबंध शाळेत संपला होता. महानंदा गेल्यावर चौदाव्या दिवशी पिठाच्या डब्यामागे त्यांना तिची दोनशे पानी वही सापडली. निळ्या पेनानं लिहिलेल्या एकसष्ट कविता. ती लिहिते हे त्यांना माहीत होतं. दर गुरुवारी ती वाचनालयात कवितेच्या मंडळाला जायची, तेही माहीत होतं. पण एवढं लिहिलं असेल असं वाटलं नव्हतं. तिनं कधी दाखवलं नाही, आणि त्यांनी मागितलं नाही.

नुसती वही छापून घेणं सोपं होतं. पण नागनाथांना ती स्पर्धेतच पाठवायची होती, आणि त्याला कारण होतं.

बावीस वर्षांपूर्वी महानंदानं त्यांच्या हातात एक लिफाफा दिला होता. "पोस्टात टाका हं जाता जाता. पहिल्या हस्तलिखिताची स्पर्धा आहे, शनिवार शेवटचा." नागनाथांनी तो पंपघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याच दिवशी दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग गेलं आणि निम्म्या गावाचं पाणी तीन दिवस बंद राहिलं. लिफाफा पुन्हा हाताला लागला तेव्हा तारीख उलटून पंधरा दिवस झाले होते.

त्यांनी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. ती दोन महिने विचारत होती, "माझा काही कागद आला का हो?" मग एक दिवस म्हणाली, "माझा नंबर कुठला यायला," आणि विचारायची थांबली. त्यानंतर तिनं कुठंच काही पाठवलं नाही. लिफाफा अजून लोखंडी कपाटात, नागनाथांच्या जुन्या खाकी पॅंटीखाली होता.

सदतिसाव्या स्पर्धेत ती ओळ नव्हती. नागनाथांनी नियम तीनदा वाचले, खालून वर आणि वरून खाली. पहिल्या हस्तलिखिताचा पुरस्कार. 'दिवंगत कवींची हस्तलिखितंही चालतील.' किमान पन्नास कविता. सोबत लेखनपरीक्षेचा दाखला. मुदत महिनाभराची.

लेखनपरीक्षा ही अलीकडची गोष्ट. मधल्या काळात यंत्रं कविता करायला लागली होती आणि बऱ्या करायला लागली होती. एकेका स्पर्धेला लाखभर कविता यायच्या. त्यातली माणसाची कुठली, हे परीक्षकांना सांगता येईना. स्पर्धा एकामागून एक बंद पडल्या. मग पुण्यातल्या काही लोकांनी हाताच्या लिखाणाची परीक्षा शोधून काढली, आणि स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या, पण फक्त हस्तलिखितांसाठी.

परीक्षेचं केंद्र सोलापूरला होतं. तिथल्या परीक्षक रेवती डोईफोडे पंचेचाळिशीच्या होत्या. त्यांचा चष्मा साखळीनं गळ्यात लटकत होता. त्यांनी वही दोन्ही हातांनी घेतली, हे नागनाथांना आवडलं.

"वही तुमची का काका?"

"मिसेसची. ती नाही आता."

"तुम्ही कुठं हात लावलाय? दुरुस्ती, खाडाखोड?"

"मला काय कळतंय त्यातलं? पानं मोजलीत फक्त. चारदा."

रेवतीबाई हसल्या. यंत्र झेरॉक्सच्या मशीनएवढं होतं. त्यांनी पहिलं पान आत ठेवलं आणि पडद्यावर महानंदाचं अक्षर मोठं होऊन आलं. शेताच्या सऱ्यांसारखं, खोल-उथळ.

"पेन टेकलं की कागदावर चर पडतो," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना दिसत नाही, पण तिरक्या उजेडात मोजता येतो. हात हळू चालला की चर खोल, पळाला की उथळ. पेन कुठं थबकलं तिथं शाई जास्त उतरते. त्यावरून कुठली रेघ किती वेगानं गेली, कुठं किती वेळ थांबली, हे सगळं पुन्हा मांडता येतं. लिहिताना त्यांचा हात कसा चालला, ते आज बघता येतं."

"आणि त्यावरून काय कळतं?"

"मनातून लिहिणारा हात शब्दाची वाट बघतो. मधेच उचलतो, मागे येतो, अडतो. बघून उतरवणारा हात एकसारखा चालतो. यंत्राची कविता कुणी वहीत उतरवून आणली, की लगेच कळतं."

नागनाथांना काळजी वाटली नाही. पाण्याच्या मीटरला फसवता येत नाही आणि ज्यानं चोरी केली नाही त्यानं मीटरला भ्यायचं कारण नसतं, असं त्यांचं साधं मत होतं. ते बाहेर बाकावर बसले आणि त्यांनी डबा सोडला.

दुपारी रेवतीबाईंनी त्यांना आत बोलावलं, तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता.

"काका, बसा. अडतीस कविता त्यांनी स्वतः रचल्यात. त्यात शंका नाही. पण तेवीस कविता ऐकून लिहिल्यात."

"ऐकून म्हणजे?"

"कुणीतरी बोलत होतं आणि त्या उतरवत होत्या. ऐकून लिहिणारा हात शब्दाच्या मागे धावतो. अक्षरं दाटतात, ओळीच्या शेवटी एकदम सुटतात. हे बघा."

"रेडिओ असेल. ती रेडिओ लावायची."

"रेडिओ थांबत नाही. हा दोन-चार शब्द बोलतो आणि थांबतो. तेवीसच्या तेवीस ठिकाणी तोच माणूस आहे."

नागनाथांनी पडद्याकडे बघितलं. तिथं एक लहानशी कविता होती.

*तू आत आहेस*
*हे मला*
*भांड्यांवरून कळतं.*

"कोण माणूस?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही शोधायचं. त्या माणसानं पुढं येऊन संमती दिली, आणि शब्द बोलण्यातले होते पण निवडून कविता यांनी केली असं मान्य केलं, तर वही जशीच्या तशी स्पर्धेत जाते. नाव एकट्या तुमच्या मिसेसचं राहतं. फक्त माणूस तोच आहे हे बोलण्याच्या नमुन्यावरून सिद्ध व्हावं लागतं. नाहीतर लोक कुणालाही उभं करतील." त्यांनी वही मिटली. "नाही सापडला तर तेवीस कविता काढाव्या लागतील. मग उरतात अडतीस. पन्नास लागतात. आणि एकदा 'अनिर्णित' असा शेरा पडला, की तो सगळ्या स्पर्धांना दिसतो. कुठलीच ही वही घेणार नाही."

मुदतीचे सतरा दिवस राहिले होते.

परतीच्या एसटीत नागनाथ खिडकीशी बसले होते. वाटेतल्या वैराग गावापर्यंत त्यांनी बाहेरचं काहीच पाहिलं नाही. कुणीतरी माणूस घराबाहेर बसून महानंदाच्या भांड्यांचा आवाज ऐकत होता. तेवीस वेळा. त्यांची पाळी सहा ते दोन असायची. घरी ती एकटी असायची. अडुसष्टाव्या वर्षी, बायको गेल्यावर आठ महिन्यांनी, असलं काही मनात येतं याची त्यांना लाज वाटली. पण ते येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते मुमताजबाईंकडे गेले. मुमताज बागवान शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वाचनालयातलं गुरुवारचं मंडळ त्याच चालवायच्या. नागनाथांनी सगळं सांगितलं आणि शेवटी खाली बघत विचारलं, "बाई, ते एक प्राध्यापक यायचे ना गुरुवारी? उंच, झब्बेवाले?"

मुमताजबाईंना हसू आवरेना.

"कथलेभाऊ! अहो, ते प्राध्यापक बोलायला लागले की चहा गार होतो. आम्ही घड्याळ दाखवायचो तरी थांबायचे नाहीत. आणि तुम्ही म्हणता, हा माणूस चार शब्दांत थांबतो?"

"मग कोण?"

"आणा ती वही. नाही, मला नका देऊ. तुम्हीच वाचा, मोठ्यानं."

"मला नाही येत."

"आमच्याकडं नियम आहे. ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं. कवी स्वतः वाचताना कच्ची ओळ आवाजानं झाकतो. दुसऱ्याच्या तोंडी कविता कुठं लंगडते ते लगेच कळतं. वाचा."

नागनाथांनी महानंदाची एक कविता वाचायला घेतली. तीन ओळींत दोनदा अडखळले, नको तिथं श्वास घेतला. दुसरीचंही तसंच झालं.

"आता ऐकून लिहिलेल्यांपैकी एखादी," मुमताजबाई म्हणाल्या.

त्यांनी पान उलटलं.

*पाणी सोडलं की*
*आधी हवा येते.*
*नळ खोकतो.*
*लोक म्हणतात, बिघडला.*
*बिघडत नाही तो.*
*थोडं थांबायचं.*
*मग येतं पाणी.*

ते कुठंच अडले नाहीत. ओळ संपायची तिथं श्वास संपत होता. शेवटच्या ओळीनंतर मुमताजबाईंनी हळूच "हं" म्हटलं. नागनाथांनी तेच पान पुन्हा वाचलं.

महानंदाची आई गेली होती तेव्हाची गोष्ट. तेरा दिवस महानंदा रडली नव्हती. चौदाव्या दिवशी दुपारी ते कामावरून आले, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून बूट काढू लागले. परसातला नळ खोकत होता. त्यांना दुसरं काय बोलावं सुचेना, म्हणून त्यांनी नळाबद्दल सांगितलं. मागं स्वयंपाकघरात ती होती. थोड्या वेळानं तिचा हुंदका ऐकू आला होता.

"हे मीच बोललेलो," नागनाथ म्हणाले.

"मला आधीच वाटलं होतं," मुमताजबाई म्हणाल्या. "भांडी ऐकायला दारात कोण बसतं हो? नवराच बसतो."

माणूस सापडला होता. आता फक्त आवाज द्यायचा होता.

सोलापूरला काचेच्या लहान खोलीत त्यांना बसवलं. समोर माइक. काचेपलीकडून रेवतीबाईंनी खूण केली, "दहा मिनिटं बोला. काहीही."

नागनाथांनी घसा साफ केला. "माझं नाव नागनाथ शिवलिंग कथले. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात पंपचालक या पदावर एकतीस वर्षे सेवा केलेली आहे."

दहा मिनिटांनी पडद्यावर आकडा आला. चौतीस. निदान ऐंशी लागत होता. त्यांनी पुन्हा बोलून बघितलं. सदतीस.

"पण मीच आहे तो!" नागनाथांचा आवाज चढला. "माझी वाक्यं मला कळत नाहीत का?"

"काका, मला पटतंय. पण हे तुम्ही नाही बोलत, तुमचा अर्ज बोलतोय. यंत्र आवाज बघत नाही. माणूस किती शब्दांनी थांबतो, किती वेळ थांबतो, वाक्य कुठं मोडतो, हे बघतं. घरी बोलता तसं बोला ना."

"घरी कुणाशी बोलू?"

रेवतीबाईंनी माइक बंद केला.

"आठ महिन्यांत," नागनाथ म्हणाले, "दुकानात अर्धा किलो साखर म्हणालोय, गॅसवाल्याला आलो म्हणालोय. बाकी तोंड बंदच आहे."

रेवतीबाईंनी त्यांच्या फोनवर केंद्राचं ॲप टाकून दिलं. घरच्या घरी बोलायचं, नमुना परस्पर यंत्राकडे जाईल. "आम्ही शब्द ऐकत नाही. यंत्र फक्त थांबे मोजतं. काहीही बोला, कुणाला कळणार नाही. शुक्रवारपर्यंत मात्र यायला हवं."

सोमवारी नागनाथ फोन समोर ठेवून बोलले. एकेचाळीस. मंगळवारी महानंदाच्या फोटोपुढे बसून बोलले, तर छत्तीस आला. फोटोशी बोलताना आपण भाषण करतोय असं त्यांना वाटत होतं. बुधवारी ते बोललेच नाहीत.

गुरुवारी अडीच वाजता, पूर्वी पहिल्या पाळीवरून यायचे त्या वेळेला, त्यांनी बूट घातले. बोळाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. घरातून चालत मागच्या दाराशी गेले. स्वयंपाकघरात ज्या पाटावर ती बसायची, त्या पाटावर फोन ठेवला. उंबऱ्यावर बसले, पाटाकडे पाठ करून, तोंड परसातल्या नळाकडे. उजवा बूट काढला.

"परवा सोलापूरची एसटी," ते म्हणाले, "रिकामीच होती."

आणि थांबले. का थांबले ते त्यांना कळलं नाही. मग पुढं बोलले. नळाचा वॉशर गेलाय. पेरूला चार फळं आलीत, खार खाते. तुझी वही मी काढली, विचारलं नाही. डावा बूट तसाच पायात होता.

"एक सांगायचंय," ते म्हणाले.

थांबले.

"तो लिफाफा."

थांबले.

"मी पोस्टात टाकलाच नव्हता."

या वेळी ते बराच वेळ थांबले. उन्हाची पट्टी हौदावरून भिंतीवर गेली.

"बेअरिंग गेलं होतं. तरी सांगायला पाहिजे होतं. तू विचारायचीस तेव्हा मी जेवत असायचो. तसाच जेवत राहायचो. तू म्हणालीस, माझा नंबर कुठला यायला. नंबर यायला लिफाफा जायला पाहिजे ना. गेलाच नाही तो. तू नापास झालीच नाहीस. मीच."

नळातून थेंब पडत होता.

"मीच टाकला नाही," ते म्हणाले, आणि दुसरा बूट काढला.

शुक्रवारी सकाळी रेवतीबाईंचा फोन आला.

"काका, त्र्याण्णव! काय केलंत?"

"उलटा बसलो."

"म्हणजे?"

नागनाथांनी उंबरा, पाट, नळ, सगळं सांगितलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"थांबा, एक विचारते. दाखल्यासाठी नाही, मला समजत नव्हतं म्हणून. वहीत ओळ संपून पेन थांबलं, की एवढ्याशा वेळात पुढची ओळ सुरू होते. दर वेळी. ओळ लांब असो की आखूड. म्हणजे त्यांचं लिहून व्हायचं, आणि तुम्ही नेमके तेव्हाच पुढं बोलायचात. आणि कालच्या नमुन्यात लांब वाक्यानंतर तुम्ही जास्त थांबलात, आखूड वाक्यानंतर कमी. लिहायला जेवढा वेळ लागेल तेवढेच. तुमची तर पाठ होती. त्या लिहितायत हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं. मग लिहून झालं हे कळायचं कसं?"

नागनाथ भिंतीला टेकले.

"हं म्हणायची ती," ते म्हणाले.

कितीतरी वर्षं ते त्या हुंकारावर चिडत आले होते. बोलणाऱ्याला हुंकार लागतो, त्याशिवाय पुढचं तोंडात येत नाही. महानंदाचा हुंकार मात्र कायम उशिरा यायचा. ते मागं न बघता करवादायचे, "लक्ष कुठंय तुझं? हं म्हणायला एवढा वेळ?" आणि ती म्हणायची, "आहे की लक्ष. बोला तुम्ही." त्यांना वाटायचं, ती डाळ निवडतेय, आपलं बोलणं अर्धंच तिच्या कानावर पडतंय.

"काका, ऐकताय ना?"

"ऐकतोय. बोला तुम्ही," नागनाथ म्हणाले, आणि त्यांना पुढचं काही ऐकू आलं नाही.

त्याच दुपारी ते वही घेऊन सोलापूरला गेले. पोस्टावर त्यांचा विश्वास होता, स्वतःवर नव्हता. केंद्रातूनच मोहोरबंद होऊन वही स्पर्धेकडे जाणार होती. संमतीच्या कागदावर त्यांनी सही केली. अर्जात 'कवी' लिहिलं होतं त्यापुढं 'महानंदा नागनाथ कथले' असं सावकाश, एकेक अक्षर करून लिहिलं. वही पाकिटात गेली, पाकिटावर लाख लागली, पोचपावतीवर शिक्का पडला, तोवर ते खिडकीशी उभे राहिले.

"निकाल चार महिन्यांनी," रेवतीबाई म्हणाल्या. "नंबर आला तर मीच फोन करीन."

"आला नाही तरी करा," नागनाथ म्हणाले. "या वेळी मला सांगायचंय तिला."

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता ते उंबऱ्यावर बसले. फोन घरात, फळीवर होता. पाट रिकामा होता. नागनाथांनी नळाकडे तोंड केलं.

"पोचवली," ते म्हणाले.

तेवढा शब्द लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढे थांबले. मग त्याहून जास्त थांबले. परसात खार पेरूवर चढली. मागं काहीच वाजलं नाही.

मग नागनाथांनी स्वतःच, हलक्या आवाजात, जरा उशिरा, "हं" म्हटलं आणि पुढचं सांगायला लागले.